गर्भिणी आणि नेमबाजी

गेल्या महिन्यात आमच्याकडे आलेल्या पत्रांत कोल्हापूरच्या एका वाचक भगिनीचे पत्र आहे. त्यातील काळजी जितकी खरी, तितकीच लिहिणारीची समजही थोर आहे. घर एकत्र कुटुंबाचे. दोन मुलगे, दोन सुना, नातवंडे, आणि माथ्यावर वृद्ध आजेसासूबाई. धाकट्या सूनबाई विवाहापूर्वीपासून नेमबाजी करतात व एअर रायफलच्या स्पर्धांतून त्यांनी पदकेही मिळविली आहेत. आता त्यांस चौथा महिना लागला आहे आणि घरात दोन तट पडले आहेत. आजेसासूबाईंचे म्हणणे, "पोटुशीने बंदुकीस हात लावू नये, गर्भाला धक्का बसतो." धाकट्या चिरंजीवांचे म्हणणे, "परदेशी स्त्रिया आठव्या महिन्यात ऑलिंपिक खेळतात. आपणच का भ्यावे?" या दोहोंच्या मध्ये सापडलेल्या आमच्या भगिनी विचारतात, "मुलीचा जीव जिथे रमतो ते मी तोडावे काय? आणि न तोडावे, तर उद्या काही विपरीत घडल्यास मी माझ्या मनास काय उत्तर देऊ?" पत्रात आणखीही एक वाक्य सहज म्हणून येऊन गेले आहे, त्याकडे आम्ही पुढे वळणार आहोत.

प्रथम चिरंजीवांचा दाखला पाहू. तो खरा आहे. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये मलेशियाच्या नूर सूर्यानी तैबी या आठ महिन्यांच्या गरोदर असताना दहा मीटर एअर रायफलच्या स्पर्धेत उतरल्या व चौतिसाव्या आल्या. पुढे त्यांस सुखरूप कन्यारत्न झाले. परंतु हा दाखला नेमका कशाचा, हे पाहिल्यावाचून त्यावर विसंबणे बरे नव्हे. एअर रायफल दाबलेल्या हवेवर चालते. तिच्यात दारू नाही, स्फोट नाही, धूर नाही. साडेचार मिलिमीटर व्यासाचा, सुमारे अर्धा ग्रॅम वजनाचा छर्रा तेवढा हवेच्या जोराने सुटतो. याच्या उलट पन्नास मीटरची रायफल, पंचवीस मीटरचे पिस्तूल व मातीच्या तबकड्या उडविण्याची छऱ्यांची बंदूक ही सर्व दारूच्या काडतुसांवर चालणारी हत्यारे होत. कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिक येथे जगज्जेत्या झाल्या, किंवा स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळविले, ते या पन्नास मीटरच्या रायफलीवर. गर्भिणीच्या दृष्टीने या दोन जातींत जमीनअस्मानाचे अंतर आहे. एकीचा दाखला दुसरीस लावता येत नाही.

आता आजेसासूबाईंचा धक्का. वडिलधाऱ्यांच्या भयामागे बहुधा काही अनुभव असतो, म्हणून ते हसण्यावारी नेऊ नये. तथापि बंदुकीचा धक्का खांद्यावर बसतो, पोटावर नव्हे. गर्भ तर गर्भजलाच्या गादीत सुरक्षित असतो. एअर रायफलीचा धक्का इतका अल्प की जवळ उभ्या असलेल्या माणसास तो दिसतही नाही. तेव्हा या एका बाबतीत आजेसासूबाईंनी निश्चिंत असावे. चिंता करण्याजोगी गोष्ट धक्का नव्हेच. चिंता दोन गोष्टींची आहे, आणि दुर्दैवाने त्या दोन्ही डोळ्यांस दिसत नाहीत. एक शिसे आणि दुसरा आवाज.

शिशाचे असे आहे. छर्रे व गोळ्या बहुधा शिशाच्या असतात. त्यातून दारूच्या काडतुसाच्या बुडाशी जे पेटते द्रव्य असते, त्यातही सामान्यतः शिशाचा क्षार असतो. चाप ओढला की त्याची अतिसूक्ष्म धूळ धुरासह हवेत उडते व श्वासावाटे छातीत जाते. बंदिस्त आणि हवा न खेळणाऱ्या दालनात ती साठून राहते. जमिनीवर, कपड्यांवर, केसांवर बसते. तिथून हातास लागते, आणि हात न धुता खाल्लेल्या घासाबरोबर पोटात जाते. एअर रायफलीत पेटणारे द्रव्य नसल्यामुळे हवेतील शिसे पुष्कळच कमी असते. परंतु छरा बोटांनी भरावा लागतो, आणि लक्ष्यामागील पेटीत फुटलेल्या छऱ्यांची धूळ तिथेही साठतेच.

शिशास वार अडवू शकत नाही. मातेच्या रक्तात जितके शिसे, जवळजवळ तितकेच गर्भाच्या रक्तात उतरते. त्यापासून गर्भपात, अपुऱ्या दिवसांची प्रसूती, कमी वजनाचे मूल व मातेचा वाढलेला रक्तदाब यांचे भय वाढते. आणि सर्वांत मोठी हानी मुलाच्या मेंदूच्या वाढीस पोचते. अमुक इतके शिसे निर्धोक, अशी मर्यादाच वैद्यकशास्त्रास आढळलेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली असे सांगितले आहे की, रक्ताच्या एका डेसिलिटरमध्ये ५ मायक्रोग्रॅम वा अधिक शिसे आढळल्यास ते कोठून येते याचा शोध करून तो मार्ग बंद करावा.

आणखी एक गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. अंगात गेलेले शिसे हाडांत जाऊन बसते व तिथे वर्षानुवर्षे, किंबहुना दशकानुदशके राहते. गर्भाच्या हाडांसाठी चुना लागतो म्हणून मातेचे शरीर स्वतःच्या हाडांतून तो काढू लागले, की त्यासोबत जुने शिसेही रक्तात परत येते. म्हणून अनेक वर्षे नेमबाजी केलेल्या स्त्रीने केवळ आता बंद केली एवढ्याने भागत नाही. तिने एकदा रक्तातील शिशाची तपासणी अवश्य करून घ्यावी. ही तपासणी रक्ताच्या लहानशा नमुन्यावर होते. आहारात दूध, दही, नाचणी, तीळ, पालेभाजी यांची कमतरता नसावी, आणि चुना व लोह यांच्या गोळ्या वैद्यांनी दिल्या असतील तर त्या चुकवू नयेत. शरीरास चुना व लोह पुरेसे मिळाले म्हणजे ते शिसे कमी शोषून घेते.

आवाजाचे प्रकरण याहून सोपे आहे. दारूच्या बंदुकीचा आवाज १४० डेसिबलच्या वर जातो. मोठ्या बंदुकांचा १६० च्याही घरात. नेमबाज कानांवर टोप्या घालतात, पण त्या मातेचे कान राखतात. पोटातील बाळास त्या कोठून मिळणार? सहाव्या महिन्याच्या सुमारास गर्भास ऐकू येऊ लागते. उदराच्या भिंती व गर्भजल बारीक, तीव्र सूर बरेच अडवितात. खोल, घुमणारा आवाज मात्र पुष्कळसा आत पोचतो. अमेरिकेतील श्रमारोग्य संस्थेचा सल्ला असा आहे की, कान झाकलेले असले तरी गर्भवतीने ११५ डेसिबलहून अधिक आवाजाच्या जागी जाऊ नये. म्हणजे दारूच्या बंदुका जिथे चालतात, तिथे तिने नेम धरू नये एवढेच नव्हे, तर पाहावयासही उभे राहू नये. हवेच्या रायफलीचा आवाज मात्र याच्या पुष्कळ खाली असतो.

येथवर वाचून आमच्या भगिनीस वाटेल की, प्रश्न सुटला; एअर रायफल आहे, काळजी थोडी. पण आता पत्रातील त्या सहज लिहिलेल्या वाक्याकडे वळू. भगिनी लिहितात, "आमचे चिरंजीव स्वतः दर रविवारी पन्नास मीटरच्या रायफलीचा सराव करून येतात, आणि आल्या आल्या थोरल्याच्या मुलाला तसेच उचलून खेळवितात, त्यांना मुलांची फार हौस."

सूनबाईंच्या रायफलीवर सर्व घर महिनाभर बोलत आहे. चिरंजीवांच्या जाकिटाविषयी कोणी अवाक्षर काढलेले नाही. वास्तविक दारूची काडतुसे उडविणारे तेच आहेत. त्यांच्या जाकिटावर, बाह्यांवर, केसांवर व बुटांच्या तळव्यांवर जी धूळ बसते, ती रविवारी दुपारी घरात येते. ते जाकीट खोलीतील खुंटीवर टांगले जाते. त्याच खोलीत सूनबाई निजतात. ते कपडे घरच्या इतर कपड्यांबरोबर धुतले जातात, आणि ते धुवावयास टाकण्याचे काम बहुधा घरातील स्त्रीकडेच असते. जमिनीवर रांगणारे, हात तोंडात घालणारे लेकरू त्या धुळीस सर्वांत जवळ असते, आणि मोठ्यांच्या मानाने लहान मुलाचे शरीर शिसे किती तरी अधिक शोषून घेते. सूनबाईंनी उद्या रायफल कायमची पेटीत ठेवली, तरी या घरातील गर्भास शिसे पोचण्याचा मार्ग उघडाच राहील. आमच्या भगिनीचे चिरंजीव सज्जन आहेत यात शंका नाही. त्यांस हे कोणी सांगितले नाही एवढेच.

म्हणून आमची सूचना एकट्या सूनबाईंस नाही. ती साऱ्या घरास आहे. चिरंजीवांनी सरावाचे जाकीट व बूट घरात आणूच नयेत. केंद्रावरच्या कपाटात ठेवावेत, तशी सोय नसल्यास बंद पिशवीत घालून अंगणापलीकडे ठेवावेत. घरी आल्यावर आधी स्नान, मग मुलांस जवळ घेणे. सरावाचे कपडे निराळे व स्वतः धुवावेत. रायफल घरात पुसू नये. धूळ असेल तिथे कोरडा केर काढू नये. ओल्या फडक्याने पुसावे. चिरंजीवांनीही स्वतःचे रक्त एकदा तपासून घ्यावे.

सूनबाईंनी दारूच्या बंदुकांपासून प्रसूतीपर्यंत संपूर्ण दूर राहावे, व अंगावर पाजत असतानाही हाच नियम पाळावा. ज्या नेमबाज स्त्रिया अपत्याची इच्छा धरून आहेत, त्यांनी तर दिवस राहण्यापूर्वीच तो पाळू लागणे उत्तम. एअर रायफल चालू ठेवावयाची असेल, तर आपल्या प्रसूतितज्ज्ञास सर्व सांगून, रक्ताची तपासणी करून, आणि दारूच्या बंदुका जिथे चालत नाहीत अशा हवेशीर दालनातच चालू ठेवावी. सरावासाठी कथलाचे छर्रे मिळतात, ते वापरावेत. छर्रे गोळा करणे, पेटी साफ करणे ही कामे दुसऱ्याकडे द्यावीत. तिथे काही खाऊ-पिऊ नये. निघताना हात व तोंड साबणाने धुवावे.

शरीराकडेही पाहावे लागते. गर्भारपणात सांधे सैल होतात, तोल बदलतो. उभ्याने रायफल धरताना कंबर मागे व बाजूस वाकवावी लागते, ती पाठीस जड जाते. नेमबाजीचे ताठ जाकीट पोटावर आवळू नये. फार वेळ उभे राहू नये, मधून मधून बसावे, पाणी प्यावे. चक्कर, पोटात कळ, रक्तस्राव यांपैकी काही झाल्यास, किंवा रक्तदाब वाढला वा वार खाली आहे असे निदान झाल्यास, सराव त्याच दिवशी थांबवावा.

आणि इतकेही करणे ज्यांस धास्तीचे वाटते त्यांच्यासाठी एक मार्ग नेमबाजांच्या स्वतःच्याच शिस्तीत आहे. मोठमोठे नेमबाज रोज कितीतरी वेळ छरा न भरताच सराव करतात. रायफल रिकामी आहे याची खात्री करून, भिंतीवरील ठिपक्यावर नेम धरावा, श्वास आवरावा, चाप ओढावा. यात शिसे नाही, आवाज नाही. हा सराव सूनबाईंनी घरीच, बसून का होईना, खुशाल करावा. हात व डोळा यांची सवय त्याने टिकेल, आणि त्या रायफलीशी आपले नाते तुटले असे त्यांस वाटणार नाही. गर्भिणीचे मन प्रसन्न असावे असे आजेसासूबाईही म्हणतच असतील.

जाता जाता एक गोष्ट. सूनबाईंच्या रक्तात शिसे आढळलेच, तर सर्व दोष रायफलीच्या माथी मारण्यापूर्वी घरातही दृष्टी फिरवावी. जुन्या पद्धतीचा शेंदूर हा शिशाचाच असतो. नागभस्म म्हणजे तर शिशाचेच भस्म. गर्भिणीने देवाचा शेंदूर हातांनी कालवू नये, आणि कोणतेही भस्म वैद्यांस विचारल्यावाचून घेऊ नये.

आमच्या भगिनीस एवढेच सांगावयाचे की, त्यांस काहीच तोडावयाचे नाही. हा लेख त्यांनी प्रथम सूनबाईंच्या हाती द्यावा, कारण निर्णय त्यांचा व त्यांच्या डॉक्टरांचा आहे. आणि मग चिरंजीवांस जवळ बसवून खुंटीवरच्या जाकिटाविषयी दोन शब्द बोलावेत. येत्या रविवारपूर्वी बोलल्यास अधिक बरे. सूनबाई सुखरूप प्रसूत होवोत, आणि त्याची वार्ता आम्हांस अवश्य कळवावी.