आमरीची लागवड : पाण्याआधी हवेचा विचार

आमरी, म्हणजेच ऑर्किड, हे फूल आता केवळ धनिकांच्या काचगृहापुरते राहिलेले नाही. लग्नमंडपात व फुलबाजारात त्यास मागणी आहे. कोकणातील काही बागाईतदार शेडनेटखाली डेंड्रोबियमची फुले काढीत आहेत, आणि शहरातील अनेक घरांच्या खिडकीत फॅलेनॉप्सिसची कुंडी दिसू लागली आहे. ह्या पिकाविषयी ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांस बहुधा पहिला प्रश्न विचारला जातो तो असा, की ‘ह्याला पाणी किती द्यावे?’ आमच्या मते हा प्रश्न पहिला नसून शेवटचा आहे. आपल्या गावची हवा कशी आहे, तेथे रात्री उष्णतामान किती उतरते व दुपारी हवा किती कोरडी होते, हे प्रश्न आधीचे होत. त्यांचे उत्तर न शोधता जो आमरी लावतो, तो पाणी कितीही मोजून घालो, त्याचे भांडवल धोक्यात आहे असे समजावे.

असे म्हणण्याचे कारण ह्या वनस्पतीच्या घडणीतच आहे. उष्ण कटिबंधातील बहुतेक शोभिवंत आमरी जमिनीत वाढत नाहीत. त्या झाडांच्या फांद्यांवर बसतात. कित्येक शेतकरी त्यांस बांडगूळ समजतात व आंब्याची साफसफाई करताना काढून टाकतात. हा गैरसमज होय. बांडगूळ झाडाच्या खोडात शिरून त्याचा रस शोषते व ते कापलेच पाहिजे. आमरी मात्र फांदीचा केवळ आधार घेते, तिचा रस घेत नाही. झाडावर वाढणाऱ्या वनस्पतीस संस्कृतात ‘वंदा’ म्हणत, आणि त्यावरूनच आमरीच्या एका प्रसिद्ध प्रजातीस ‘वँडा’ हे शास्त्रीय नाव पडले आहे. फांदीवरील आमरीच्या मुळांभोवती मृत पेशींचा पांढुरका थर असतो. तो टिपकागदाप्रमाणे पावसाचे व दवाचे पाणी चटकन टिपून घेतो आणि मग वाऱ्यावर पुन्हा सुकतो. ओले होणे व सुकणे ह्या दोहोंची ह्या मुळांस गरज असते. त्यांभोवती चिखल राहिला तर ती गुदमरून कुजतात; हवा अगदी शुष्क राहिली तर ती वाळून जातात.

ही गोष्ट न उमगल्यामुळे किती नुकसान होते, ह्याचा धडा इतिहासात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमधील श्रीमंत लोक जगभरच्या जंगलांतून आमरी आणवीत व भट्टीने तापविलेल्या, बंद, दमट काचगृहांत कोंडून ठेवीत. उष्ण देशची वनस्पती म्हणजे तिला ऊब व ओल जितकी अधिक तितके बरे, अशी त्यांची समजूत होती. परिणामी असंख्य झाडे मेली. पुढे १८३० नंतरच्या दशकात चॅट्सवर्थ येथील बागेचे प्रमुख जोसेफ पॅक्स्टन ह्यांनी काचगृहात वारा खेळू दिला व उष्णतामान सौम्य ठेवले. त्यांच्याच बागेतील जॉन गिब्सन हा माळी १८३५ साली भारतात पाठविण्यात आला. तो खासी टेकड्यांतून आमरींचा मोठा संग्रह घेऊन १८३७ साली परतला. झाड मूळचे कोठे व कशा हवेत राहते हे कळू लागल्यावरच ते वाचविता येऊ लागले. आज दोनशे वर्षांनंतर आपल्याकडे तीच चूक, काचगृहाऐवजी शेडनेटात, पुन्हा होऊ नये.

आता हवेतील ओलाव्याचा विचार करू. हवा जसजशी तापते तसतशी तिची बाष्प धारण करण्याची शक्ती वाढते. सकाळी २० अंश सेल्सियसला ज्या हवेची सापेक्ष आर्द्रता ८० टक्के असते, तीच हवा नवे बाष्प न मिळता दुपारी ३० अंशांपर्यंत तापली, तर तिची आर्द्रता सुमारे ४४ टक्क्यांवर येते. म्हणून सकाळच्या गारव्यात घेतलेल्या एका नोंदीवरून ‘आमची हवा दमट आहे’ असे म्हणणे फसवे ठरते. फॅलेनॉप्सिस, डेंड्रोबियम व वँडा ह्यांस साधारणतः ५० ते ८० टक्के आर्द्रता मानवते. देशावर वैशाखातील दुपारी ती पुष्कळदा ३० टक्क्यांच्याही खाली जाते. अशा वेळी कुंडीत पाणी ओतून उपयोग नाही. जमीन शिंपडावी, ओली गोणपाटे टांगावीत, झाडे एकमेकांजवळ ठेवावीत, आणि घरातील कुंड्या पंख्याच्या व वातानुकूलन यंत्राच्या झोतापासून दूर ठेवाव्यात. कुंडीखाली पाणी व खडे घातलेले ताट ठेवण्याची रीत आहे. तिचा उपयोग थोडाच होतो, हेही सांगितले पाहिजे.

उष्णतेबाबत कोकण व देश ह्यांचा विचार वेगळा करावा लागतो. फॅलेनॉप्सिसला रात्री १६ ते १८ अंशांहून कमी उष्णतामान दीर्घकाळ सोसत नाही. पण ते रात्रंदिवस २८ अंशांच्या वर राहिले, तर पाने वाढतात आणि फुलाचा दांडा मात्र निघत नाही. दांडा निघण्यासाठी काही आठवडे सौम्य गारवा लागतो. त्यामुळे कोकण किनाऱ्यावर बाजारातून आणलेली फुललेली कुंडी एकदा फुलून पुढे नुसतीच पाने धरते, ह्यात नवल नाही. तेथे डेंड्रोबियमचे संकर व वँडा हीच पिके योग्य. उलट पुण्या-नाशिकाकडे हिवाळ्यातील रात्री बाहेर कडाक्याची थंडी पडते, तेव्हा फॅलेनॉप्सिस घरात, पूर्वेच्या खिडकीशी, ऊन थेट न लागेल अशा बेताने ठेवल्यास हिवाळ्याच्या सौम्य गारव्याचा तिला फायदाच होतो. म्हणजे एकाच आमरीची शिफारस साऱ्या महाराष्ट्राला करणे हे शास्त्राला धरून नाही.

ह्यानंतर पाण्याचा प्रश्न. तो आता सोपा होतो, कारण मुळे स्वतःच उत्तर देतात. कोरडी मुळे रुपेरी-करडी दिसतात, भिजलेली हिरवी दिसतात. मुळे रुपेरी झाल्यावर पाणी द्यावे, ते सकाळी द्यावे, आणि रात्र होण्यापूर्वी पानांच्या बेचक्यातील पाणी सुकेल असे पाहावे. कुंडीत माती मुळीच घालू नये. विटांचे तुकडे, लाकडी कोळसा व नारळाच्या सोडणाचे तुकडे ह्यांनी ती सैल भरावी. देशावरील पुष्कळ विहिरींचे पाणी क्षारयुक्त असते व ते मुळांस बाधते. म्हणून पावसाचे पाणी साठवून वापरणे उत्तम. कोकणात तर पावसाळ्यात पाणी देण्यापेक्षा ते अडविण्याचीच काळजी अधिक घ्यावी लागते. आषाढ-श्रावणात सतत भिजणारी व वारा न मिळणारी झाडे कुजतात. तेथे वर पारदर्शक छत व चोहोबाजूंनी मोकळी हवा ही खरी गरज आहे.

ह्यावर कोणी म्हणतील, की आता धुके सोडणारी यंत्रे, पंखे व स्वयंचलित उपकरणे मिळतात. मग गावची हवा कशीही असली तरी काय बिघडले? यंत्रांची उपयुक्तता आम्ही नाकारीत नाही. परंतु ऐन उन्हाळ्याच्या दुपारी वीज गेली तर हे सारे थांबते, क्षारयुक्त पाण्याने तोट्या बुजतात, आणि विजेचे देयक दरमहा येतच राहते. हवा मुळात जवळपास अनुकूल असेल तर यंत्र उणीव भरून काढील. हवाच प्रतिकूल असेल तर यंत्राच्या खर्चातच नफा संपेल. ह्या फुलाच्या व्यापारात थायलंडसारखा देश आघाडीवर आहे, त्यामागे तेथील उष्ण व दमट हवेचा मोठा वाटा आहे. त्याच्याशी स्पर्धा करावयाची तर आपणही जेथे निसर्ग साह्य करतो तेथेच हे पीक घ्यावे.

आणखी एक धोका कार्यकर्त्यांनी विशेष लक्षात ठेवावा. आमरीच्या जाड पानांत व फुगीर कांड्यांत पाण्याचा व अन्नाचा साठा असतो. हवा मानवली नाही तरी त्या साठ्यावर झाड काही महिने तग धरते व वरून बरे दिसते. मुळे मात्र आत मरत असतात. म्हणून लागवडीनंतर दोन-तीन महिन्यांत केलेल्या पाहणीवरून प्रयोग यशस्वी झाला असे मानणे घाईचे होईल. कर्ज काढून दहा गुंठ्यांचे शेडनेट उभारणाऱ्या शेतकऱ्यास अशा घाईची किंमत कित्येक वर्षे फेडावी लागते.

यास्तव आमची सूचना अशी, की कोणत्याही शेतकऱ्यास किंवा बचत गटास आमरीच्या शेडनेटाची शिफारस करण्यापूर्वी वीस-पंचवीस झाडे पडवीत अथवा छोट्या मांडवाखाली लावून घ्यावीत. तेथे एक उष्णतामापक व एक आर्द्रतामापक टांगावा, आणि पहाटे, दुपारी व रात्री अशा तीन वेळांच्या नोंदी वहीत ठेवाव्यात. पावसाळा, हिवाळा व उन्हाळा हे तीनही ऋतू पार पडून झाडांनी नवी मुळे धरली व फुले दिली, तरच पुढे जावे. एक वर्षाचा विलंब झाला तरी चालेल. बुडालेले कर्ज परवडणारे नाही.

प्रयोगासाठी झाडे कोठून आणावीत ह्याविषयी मात्र तडजोड नको. आपल्या सह्याद्रीत व देवरायांत सीतेची वेणी व इतर अनेक वन्य आमरी आहेत. त्या ओरबाडून कुंडीत लावण्याचा मोह टाळावा. फांदीला घट्ट चिकटलेली मुळे काढताना तुटतात, आणि बहुतेक झाडे मरतात. शिवाय आमरीचे बी धुळीसारखे बारीक असते, त्यात अन्नाचा साठा नसतो, व निसर्गात ते विशिष्ट बुरशीच्या साह्यानेच रुजते. म्हणून जंगलातील एका झाडाची भरपाई होण्यास दीर्घ काळ लागतो. आता तसे करण्याची गरजही उरलेली नाही. १९२२ साली लुईस नुडसन ह्यांनी बुरशीविना प्रयोगशाळेत बी रुजविण्याची रीत दाखविली, आणि १९६० साली जॉर्ज मोरेल ह्यांनी अंकुराच्या शेंड्यापासून रोपे करण्याचा मार्ग खुला केला. अशी रोपे रोपवाटिकांत विकत मिळतात. सिक्कीममधील पाक्योंग येथे भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे आमरीविषयक राष्ट्रीय संशोधन केंद्र १९९६ पासून आहे.

शेतकरी बंधू-भगिनींनी हे पीक घ्यावे. ते घेऊ नये असे आम्ही म्हणत नाही. परंतु भात कोठे पिकतो व ज्वारी कोठे, हे आपल्या पूर्वजांनी पाऊस व हवा पाहूनच ठरविले होते. आमरीसही तोच नियम लागू आहे. प्रथम हवा मोजावी, मग जात निवडावी, आणि त्यानंतरच झारी हाती घ्यावी.