एकाच घरांत दोन चुली

गेल्या महिन्यांत धुळ्याहून आमच्या पुतण्याचा जळगांवीं फोन आला. "काका, संगणकाचा पडदाच काळा झाला!" वडिलांच्या वेळेपासूनचा घरचा जमाखर्च त्याच यंत्रावर उतरवून ठेविलेला असल्यामुळें आमच्याहि पोटांत गोळा आला.

चौकशीअंतीं कळलें तें असें. यंत्रावर डेबियन, म्हणजे १९९३ सालीं इयन मर्डोक यांनीं आरंभिलेली लिनक्सची मांडणी आहे. चिरंजीवांनीं एक नवें पॅकेज बाहेरच्या भांडारांतून आणिलें. त्यास एका लायब्ररीची नवी आवृत्ति हवी. घरच्या पॅकेजांस तिचीच जुनी. दोन्ही एकत्र नांदेनात. तेव्हां पॅकेजें बसविणारा कारभारी जो 'एप्ट', त्यानें जुनीं काढून टाकण्याचा तोडगा सुचविला. लांबलचक यादी न वाचतांच चिरंजीवांनीं होकार दिला. आणि पडद्यावरील खिडक्या दाखविणारी व्यवस्थाच त्या यादींत होती! वाचकांनीं हंसूं नये. २०२१ सालीं कॅनडांतील प्रसिद्ध यंत्रसमीक्षक लायनस सेबॅस्टियन यांचीहि 'पॉप ओएस'वर 'स्टीम' बसवितांना हीच गत झाली.

गृहिणींस हा तंटा नवा नाहीं. चातुर्मासांत कांदा, लसूण, वांगें वर्ज्य. आणि खानदेशांत पाहुण्यास तर भरीत हवें! म्हणून कोणी सोंवळ्याची चूल मोडीत नाहीं. परसांत निराळी मांडतात.

आम्हीं पुतण्यास धीर दिला. पॅकेज गेलें तरी आपले कागद जात नाहींत. कंट्रोल, अल्ट व एफ-तीन या कळा एकदम दाबतांच काळ्या पडद्यावर अक्षरें उमटलीं. एप्टची 'हिस्टरी' नांवाची रोजकीर्द असते. तींत काय काय गेलें तें सांपडलें. 'पॉलिसी' विचारतां कोणती आवृत्ति कोठून आली तें समजलें. मग बाहेरचें भांडार यादींतून वगळून, 'अपडेट'नें यादी ताजी करून, त्या लायब्ररीची डेबियनची आवृत्ति परत आणिली व गेलेलीं पॅकेजें पुन्हां बसविलीं.

यापुढें रीत अशी ठेवावी. बसविण्यापूर्वीं 'सिम्युलेट' सांगून रंगीत तालीम घ्यावी. काय येणार व काय जाणार तें दिसतें, यंत्रास धक्का लागत नाहीं. नवी आवृत्ति हवीच असेल, तर 'फ्लॅटपॅक'नें तिची निराळी चूल मांडावी. तेथें पॅकेज आपल्या लायब्रऱ्यांची सोय घरच्यांपासून वेगळी ठेवितें. जागा अधिक लागते, पण घरच्यांस उपद्रव होत नाहीं. 'फोर्स'नें, म्हणजे बळजबरीनें, बसविणें मात्र टाळावें. त्यानें तंटा मिटत नाहीं, केवळ झांकला जातो.

सायंकाळीं खिडक्या पूर्ववत् दिसूं लागल्या. वहिनींनीं त्याच रात्रीं जमाखर्चाची एक प्रत आमच्याकडे जळगांवीं पाठवून दिली. वाचकांनींहि, यंत्र सुरळीत चाललें असतांनाच, तेवढें करून ठेवावें.