रिकाम्या बरणीची किंमत

आमच्या घरी कॉफीची बाटली संपली की आई ती कोमट पाण्यात भिजत घालते, वरचा कागद काढते आणि उन्हात उपडी ठेवते. "किती भंगार जमवतेस गं!" असे मी तिला पूर्वी म्हणत असे. बी. कॉम.ला येऊन घसारा शिकले आणि माझे मत बदलले.

यंत्र वापराने झिजते, म्हणून त्याच्या किमतीतून दरवर्षी घसारा वजा करतात. काचेची बरणी अशी झिजत नाही. वाळू, सोडा आणि चुनखडी वितळवून केलेली ही काच मिठाला वा आंबटाला दाद देत नाही, हळदीने पिवळी पडत नाही, वास धरून ठेवत नाही. प्लॅस्टिकच्या डब्यात एकदा लसणाची चटणी ठेवली की पुढे त्यात रव्याचे लाडू ठेवायची सोय उरत नाही. तरीही कॉफी संपताच आपण बरणीची किंमत शून्य धरतो. हा हिशेब मला चुकीचा वाटतो.

पुरावा घरचाच आहे. आई शेंगदाण्याची आणि कारळ्याची चटणी करून विकते. गेल्या वर्षी तिने मला किलोमागे काय सुटते ते मांडून द्यायला सांगितले. शेंगदाणे, तिखट, गॅस, सारे लिहिले. शेवटी नव्या बरण्यांचा खर्च धरला आणि नफा निम्म्यावर आला. मग असे ठरले की गिऱ्हाइकाने आपली बरणी आणावी. ती आधी रिकामी तोलायची, मग भरून तोलायची आणि फरकाचे पैसे घ्यायचे. "जुन्या बाटल्या घेऊन रस्त्याने कोण फिरणार?" असे म्हणून पहिल्या आठवड्यात दोघी परत गेल्या. आता समोरच्या अक्का 'गुरेळ्ळु चटणी'साठी 'भरणी' आणतात, वरच्या काकू कारळ्याच्या चटणीसाठी 'बरणी' आणतात. तराजू दोघींना एकच!

बरणीचे उपयोग कितीतरी आहेत. भिजवून निथळलेली मटकी बरणीत घालावी, तोंडाला मलमलीचा तुकडा बांधावा व बरणी आडवी ठेवावी. मोड सुरेख येतात. लिंबाचे लोणचे उन्हात मुरवायला काचच बरी. दिवाळीत बाहेरून रंगीत पतंगी कागद चिकटवून आत छोटी मेणबत्ती लावली की वाऱ्याने न विझणारा कंदील तयार होतो. झाकण मात्र लावू नये. वसतिगृहातल्या टेबलावर त्याच बरणीत पेने राहतील किंवा मनीप्लँट वाढेल.

पण काळजी हवी. गार बरणीत उकळते काही ओतले तर काच एकाएकी प्रसरण पावून तडकते. लोणच्यासाठी बरणी उकळायची असेल तर पातेल्याच्या तळाशी फडके घालून ती गार पाण्यातच ठेवावी आणि मग पाणी हळूहळू तापवावे. बाहेर काढून पूर्ण कोरडी करावी. अमेरिकेतील जॉन मेसन याने १८५८ साली आट्यांच्या बरणीचे पेटंट घेतले, तेव्हापासून फिरकीचे झाकण सर्वत्र पसरले. पण पत्र्याचे झाकण मिठाने गंजते. म्हणून लोणच्याच्या बरणीला प्लॅस्टिकचे झाकण घालावे. तडा गेलेली बरणी किंवा रसायनाची बाटली खाण्याच्या पदार्थांसाठी मुळीच वापरू नये.

कोणी म्हणेल, "मग काय, माळाभर बाटल्या साठवायच्या?" नाही. माळ्यावर धूळ खाणाऱ्या चाळीस बरण्या म्हणजे काटकसर नव्हे, तो पडून राहिलेला माल. वर्षभरात जी लागली नाही ती खुशाल भंगारवाल्याला द्यावी. काच वितळवून पुन्हा काच करता येते, तेव्हा तीही वाया जात नाही.

मला खरा राग येतो तो हसण्याचा. डब्याबरोबर जुन्या बाटलीतून लोणचे आणणाऱ्या मुलीला आपल्याकडे 'चिकट' म्हणतात. नवी प्लॅस्टिकची बरणी विकत आणून महिन्याभरात टाकून देणारा मात्र हौशी ठरतो! वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांनी तरी हे उलटे खतावू नये.

माझी एक सूचना आहे. स्नेहसंमेलनात आपण खाद्यपदार्थांचे स्टॉल लावतो. यंदा एका तरी स्टॉलवर चटण्या-लोणची विकावीत आणि 'आपली बरणी आणा' अशी पाटी लावावी, मराठीत आणि कन्नडमध्येही. तराजू मी घरून आणीन; आईने होकार दिला आहे.