जुन्या पुलापाशी बाग जरूर करा, पण आधी जबाबदार कोण ते ठरवा

कोल्हार (ता. राहाता) : नवा पूल झाला की जुन्याचं करायचं काय? नदीकाठच्या अनेक गावांपुढे हा प्रश्न आहे. उरलेले खांब, कमानी, दगड राखून तिथं बाग करावी, चार बाकडी टाकावीत, ही कल्पना कुणालाही आवडेल. नगर-मनमाड महामार्ग कोल्हारला प्रवरा ओलांडतो. शिर्डी आणि शनिशिंगणापूरला जाणाऱ्यांची वर्दळ बाराही महिने असते. लोक थांबले तर चार दुकानं चालतील, गावातल्या पोरांनाही काम मिळेल.

पण कुंडमळा विसरून चालणार नाही. १५ जून २०२५, रविवार. मावळ तालुक्यात इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीनं कोसळला आणि चौघांचा जीव गेला. पूल धोकादायक असल्याचा फलक तिथं होता, असं प्रशासनानं नंतर सांगितलं. म्हणजे नुसत्या फलकानं माणूस थांबत नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडला सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात गेला. शेजारी नवा पूल असूनही जुन्यावरून वाहतूक सुरूच होती.

उलट उदाहरणही आहे. अहमदाबादमध्ये साबरमतीवरचा १८९२ चा एलिस पूल. दोन्ही बाजूंना नवे पूल बांधले, जुन्यावरची वाहनं बंद केली आणि लोखंडी कमानी जपल्या. मात्र वाहनं थांबली म्हणून लोखंड गंजायचं थांबत नाही. जुना पूल जपायचा तर दुरुस्तीचा खर्चही कायमचा.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे, ती म्हणजे धरणाचं पाणी. भंडारदऱ्याची क्षमता ११ टीएमसी, निळवंड्याची सव्वाआठ. दोन्ही भरली की पाणी प्रवरेत सोडतात. ते अकोले, संगमनेर करत खाली येतं. कोल्हारला थेंबभर पाऊस नसतानाही नदी फुगते. सेल्फी काढणाऱ्या बाहेरगावच्या पाहुण्याला हे कसं कळणार?

नियम बागेच्या आड येत नाहीत. निळ्या पूररेषेच्या आत पक्क्या बांधकामाला मनाई असते, पण बाग, मैदान अशा मोकळ्या वापराला वाव असतो. म्हणून नदीपात्रालगत झाडं आणि पायवाट ठेवावी. स्वच्छतागृह, गाळे, पार्किंग वर काढावं.

खरा घोळ होतो तो मालकीचा. पूल एका खात्याचा, नदी दुसऱ्याची, काठ ग्रामपंचायतीचा. उद्घाटनाला सगळे हजर असतात, अपघात झाला की एकमेकांकडे बोट दाखवतात.

म्हणून अशी बाग होणार असेल तर १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत तीन गोष्टी लेखी मागा. एक, जुन्या बांधकामाचं स्ट्रक्चरल ऑडिट. दोन, धरणातून पाणी सुटताच वाजणारा भोंगा आणि फाटक बंद करणारा माणूस. तीन, देखभालीची जबाबदारी कुणाची, त्या खात्याचं नाव. ही तीन उत्तरं मिळाली, की फीत खुशाल कापा.