आतेचे ताट

सिंगापुरातील ऑर्चर्ड रस्त्यावरील लकी प्लाझा ही इमारत आठवड्याचे सहा दिवस चारचौघींसारखी एक बाजारपेठ असते. रविवारी मात्र तिचे रूप पालटते. सकाळपासूनच फिलिपिनो स्त्रियांचे थवे तिकडे लोटू लागतात. कोणी घरी पैसे धाडण्यासाठी रांगेत उभी असते, कोणी साबण, कॉफी आणि मुलांचे कपडे मोठ्या खोक्यात भरून मायदेशी रवाना करण्याच्या खटपटीत असते. त्या खोक्यास त्या 'बालिकबायान' म्हणतात. 'बालिक' म्हणजे परतणे आणि 'बायान' म्हणजे आपला गाव, आपला देश. माणसास परतता येत नाही तोवर निदान खोके तरी परतते, असा त्या नावाचा भाव आहे. आणि ही सारी कामे उरकली की त्या जेवावयास बसतात. सहा दिवस दुसऱ्याच्या चवीचे रांधावयाचे आणि सातव्या दिवशी आपल्या चवीचे खावयाचे, असा हा शिरस्ता आहे.

अशाच एका रविवारी तेथील एका लहानशा फिलिपिनो उपाहारगृहात एक मराठी आजी आपल्या नातीबरोबर येऊन बसल्या. नात शिक्षणासाठी ऑस्ट्रेलियात असते. सुटीत सिंगापुरास घरी आली होती. आजींनी तिच्यासाठी पुरण शिजवून ठेवले होते. नात आली, आजींच्या पाया पडली, पोळी तुपाबरोबर खाल्लीही; पण हात धुताना म्हणाली, "आजी, मला हालो-हालो खायचंय. आतेबरोबर."

ही 'आते' कोण, ते सांगावयास हवे. नात दोन वर्षांची असताना, २००६ साली, लागुना प्रांतातील एक स्त्री त्या घरी कामास आली. घरातील मोठी माणसे नोकरीस जात. मूल तिच्या अंगाखांद्यावर वाढले. टागालोग भाषेत थोरल्या बहिणीस 'आते' म्हणतात. त्या स्त्रीने मुलीस तोच शब्द शिकविला. आजींना तो ऐकून नवल वाटले नाही. मुलाला बहीण नव्हती, म्हणजे नातीस आते नव्हती. पोरीने आपल्या मनाने एक आते करून घेतली, असे त्यांनी मानले. त्या एका शब्दाच्या दोन अर्थांवर ते घर बारा वर्षे सुखाने चालले. पुढे मुलगी मोठी झाली आणि आते दुसऱ्या एका घरी वृद्धांच्या शुश्रूषेस गेली. आता तिचा शेवटचा करार संपत आला होता. महिन्याभरात ती कायमची मायदेशी परतणार होती.

आते आली, नातीस पोटाशी धरले, आजींस वाकून नमस्कार केला आणि बसण्याऐवजी थेट मागणी नोंदविण्याच्या खिडकीशी गेली. फिलिपिनो जेवणाचा परिचय आपल्यापैकी अनेकांस नसेल, म्हणून त्या दिवशी टेबलावर काय काय आले ते सांगणे अस्थानी होणार नाही.

पहिला आला अडोबो. शिरका, सोयाबीनचा रस, लसूण, मिरे आणि तमालपत्र यांत मंद आचेवर शिजविलेली कोंबडी. स्पॅनिश लोक सोळाव्या शतकात त्या बेटांवर आले. त्यांनी या पदार्थास आपल्या भाषेतील नाव दिले. परंतु शिरक्यात मांस शिजवून टिकविण्याची रीत तेथील लोकांची जुनीच होती. नंतर आला सिनिगांग, म्हणजे चिंचेच्या आंबट पाण्यात शिजविलेल्या भाज्या व मासळी. त्याचा पहिला घोट घेताच कोकणी माणसास आपल्या कढीसाराची आठवण व्हावी. पान्सित या शेवया चिनी व्यापाऱ्यांनी आणल्या. वाढदिवशी त्या खाव्यात, म्हणजे आयुष्य शेवयांसारखे लांब होते, असा तिकडे समज आहे. कारे-कारे हा दाण्याच्या कुटाचा दाट रस्सा आपल्या दाण्याच्या आमटीचा चुलतभाऊ शोभावा असा असतो. पण त्यात बहुधा बैलाचे मांस घालतात, म्हणून आतेने तो मागविलाच नाही. या रश्श्याच्या जन्माविषयी एक कथा सांगतात. १७६२ साली इंग्रजांनी मनिला घेतले, तेव्हा त्यांच्या सैन्यात मद्रासकडील शिपाई होते. १७६४ मध्ये इंग्रज परतले, पण काही शिपाई मनिलाजवळच्या काइंता गावी राहून गेले आणि त्यांच्या कढीतून कारे-कारे निर्माण झाला, अशी ती कथा. कथा खरी असो वा नसो, शिपाई तेथे राहिले हे खरे आहे.

बशीच्या कडेस कच्च्या पपईचे किसलेले लोणचे होते. त्याचे नाव आत्सारा. आजींनी ते नाव दोनदा म्हणवून घेतले आणि त्या हसल्या. आजींचा जन्म मॉरिशसचा. तेथे भाजीच्या लोणच्यास 'आशार' म्हणतात, मलायी लोक 'आचार' म्हणतात आणि हिंदुस्थानात 'अचार' सर्वांस ठाऊक आहे. बरणीतील लोणचे जसे प्रवासात नासत नाही, तसाच त्याचा शब्दही सात समुद्र ओलांडून शाबूत राहिला.

त्या दिवशी एकादशी होती. आजींनी कोणास सांगितले नव्हते. पाणी पिऊन नातीस सोबत करावी, एवढाच त्यांचा बेत होता. पण आतेने त्यांच्यापुढे एक लहानशी वाटी आणून ठेवली. वाटीत गर्द जांभळ्या रंगाचा, मऊ, हलव्यासारखा पदार्थ होता. "उबे," ती म्हणाली. "कंद, दूध, साखर आणि लोणी. अंडं नाही, धान्य नाही. आज तुमचा उपवास ना?" आजींनी चकित होऊन विचारले, "तुला ग कसं कळलं?" आते म्हणाली, "तुम्ही आल्यापासून कशाला हात लावला नाही. अशा दिवशी मी तुमच्यासाठी साबुदाणा भिजवीत असे."

आजींनी चमच्याच्या टोकाने थोडे जिभेवर ठेवले आणि त्यांचा चेहरा बदलला. "अग, हे तर कोनफळ!" आणि ते खरेच होते. ज्या कंदास आपण कोनफळ म्हणतो आणि उपवासास चालवितो, तोच फिलिपिन्समधील उबे. आपण तो उकडून अथवा तळून खातो. ते लोक तो किसून दुधासाखरेत आटवितात.

मग नातीचे हालो-हालो आले. 'हालो' म्हणजे मिसळणे. उंच पेल्यात तळाशी साखरेत मुरविलेले चवळीसारखे दाणे व हरभरे, केळ्याचे काप, फणसाचे गरे, नारळाच्या पाण्यापासून केलेले लुसलुशीत तुकडे. त्यावर किसलेल्या बर्फाचा डोंगर, आटविलेले दूध आणि माथ्यावर उबेचा गोळा. वरून 'पिनिपिग' पेरतात. कोवळे भात भाजून, कांडून केलेले ते पोहेच होत. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मनिलात आलेल्या जपानी दुकानदारांनी बर्फ आणि गोड दाण्यांची ही रीत सुरू केली, असे मानले जाते. पुढे स्थानिक लोकांनी तीत आपल्या बागेतील सारी फळे ओतली. सिंगापुरातील आईस कचांग आणि मुंबईचा फालुदा तिच्याच गोतावळ्यातील वाटावेत.

खाण्याची रीत एकच: खालपासून वर सारे ढवळावयाचे. नातीने ढवळले आणि सहज विचारले, "आते, तू सिंगापुरात पहिल्यांदा हालो-हालो कधी खाल्लंस ग?"

आतेने थोडा विचार केला. "तिसऱ्या वर्षी," ती म्हणाली. तिच्या स्वरात तक्रार नव्हती. विचारले म्हणून तिने सांगितले. "पहिली दोन वर्षं सुटी नव्हती ना. तिसऱ्या वर्षापासून महिन्याला एक रविवार मिळू लागला."

टेबलावर क्षणभर कोणी बोलले नाही. सिंगापुराने परदेशी घरकामगार स्त्रियांना परवाने देण्याची योजना १९७८ साली सुरू केली. तत्पूर्वी, १९७४ च्या कामगार कायद्याने, फिलिपिन्स सरकारने आपली माणसे परदेशी नोकरीस पाठविण्याची घडी बसविली होती. आज सिंगापुरात नाना देशांच्या अशा अडीच लाखांहून अधिक स्त्रिया घरकाम करतात. परंतु त्यांना आठवड्यास एक सुटी द्यावी, असा नियम झाला तो १ जानेवारी २०१३ पासूनच्या नव्या अथवा नूतनीकृत परवान्यांना. त्यातही परस्परसंमतीने सुटीऐवजी पैसे देण्याची मुभा होती. महिन्यातील निदान एक सुटी पैशांनी विकत घेता येणार नाही, हा नियम १ जानेवारी २०२३ चा. २००६ साली यांपैकी काहीच नव्हते. त्या घराने कोणताही कायदा मोडला नव्हता.

आजी वाटीकडे पाहात म्हणाल्या, "मीच म्हणाले होते मुलाला. रविवारी पाहुणे येतात, तिला कशाला सोडायचं? पैसे दे तिला त्या दिवसाचे." नात आजीकडे पाहातच राहिली. तिला हे ठाऊक नव्हते. ती म्हणाली, "आजी, आणि तूच मला तुझ्या आजीची गोष्ट सांगतेस."

ती गोष्ट अशी. आजींचे पूर्वज रत्नागिरीकडचे. मुंबई बंदरातून गिरमिटावर मॉरिशसला गेले आणि उसाच्या मळ्यात राबले. त्या काळी तेथे 'दुहेरी कपात' असे. एक दिवस कामावर न आल्यास दोन दिवसांचा रोज कापला जाई. आजींची आजी मळ्याच्या साहेबाच्या घरी स्वयंपाकास मदत करी. साहेबाच्या पंगती उठल्या की मागच्या पायरीवर बसून ती जेवत असे आणि सायंकाळी नातीस, म्हणजे आताच्या आजींस, सांगत असे, "पोरी, पायरीवर बसून जेवलेलं अन्न अंगी लागत नाही." हे वाक्य त्या घरात चार पिढ्या चालत आले आहे. वर्षश्राद्धाच्या दिवशी ते हटकून सांगितले जाते.

गिरमिट आणि आजचा दोन वर्षांचा करार या दोन गोष्टी एक नव्हेत, हे कबूल केले पाहिजे. आजच्या स्त्रीस कायद्याचा आधार आहे, हाती दूरध्वनी आहे, करार संपला की परतीचे तिकीट आहे. परंतु आपले घर मागे ठेवून दुसऱ्यासाठी राबण्यास समुद्रापार जाणे, ही गोष्ट दोहींकडे सारखीच. मजुरांच्या वंशजांनी तर ती विसरता कामा नये. पूर्वजांच्या हालांच्या कथा आपण उत्सवात व्यासपीठावरून सांगतो, डोळे पुसतो आणि घरी येऊन पाणी मागतो. ते पाणी कोण आणून देते आणि ती कोठे बसून जेवते, हा प्रश्न त्या कथांच्या पोटातच आहे.

आजी पुष्कळ वेळ गप्प होत्या. आते मात्र त्यांच्या गप्प बसण्याने अस्वस्थ झाली. तिने हलकेच विषय बदलला आणि नातीस आपल्या प्रांताच्या गोष्टी सांगू लागली. बिन्यान गावचा वाफेवर उकडलेला तांदळाचा पुतो कसा प्रसिद्ध आहे. नाताळापूर्वी नऊ दिवस, १६ ते २४ डिसेंबर, पहाटेच्या प्रार्थनेनंतर चर्चबाहेर बिबिंका कशी मिळते. ती खाली-वर निखारे ठेवून कशी भाजतात. बिबिंकेचे नाव ऐकताच आजींनी मान वर केली. "गोव्यात बेबिंका करतात," त्या म्हणाल्या. "तिलासुद्धा वरून आच लागते." "मग गोव्याच्या बायका आमच्याच," आते म्हणाली आणि तिघीही हसल्या.

निघताना आजींनी पैसे देऊ केले. आतेने ऐकले नाही. "आज माझा रविवार आहे," ती म्हणाली. त्या शब्दांपुढे आजींनी बटवा मिटला. मग त्या म्हणाल्या, "बरं. मग पुढचा रविवार माझा. घरी जेवायला ये. रांधीन मी, वाढीनही मीच."

पुढच्या रविवारी आते गेली. आजींनी नारळीभात केला होता. तिकडे नारळाच्या दुधात चिकट भात व तपकिरी साखर शिजवून 'बिको' करतात, हे नातीने त्यांना सांगितले होते. टेबलावर पाच पाने मांडली होती. सारे बसू लागले तशी आतेने बारा वर्षांच्या सवयीने आपले ताट उचलले आणि ती स्वयंपाकघराकडे वळली. कोणी काही बोलण्यापूर्वीच आजी उठल्या. आजवर त्यांनी तिला कधी नावाने हाक मारली होती, कधी 'अग' म्हणून. त्या दिवशी त्या म्हणाल्या, "आते, इकडे. माझ्या शेजारी."