तुमचेही गेलेत का?

खोताच्या वाडीत लाइट गेले की आधी कोणी बेस्टला फोन लावत नाही. ओटीवर येऊन समोरच्याला विचारतात, "तुमचेही गेलेत का?" त्यांचे असतील, तर जिन्याखालची मीटरची पेटी उघडायची. त्यांचेही गेले असतील, तर दुखणे वाडीबाहेरचे. १२ ऑक्टोबर २०२०च्या सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास हा प्रश्न गिरगावातून परळ-लालबागला आणि तिथून पार ठाणे-नवी मुंबईपर्यंत गेला. सगळीकडून उत्तर एकच आले. लोकल जागच्या जागी थांबल्या, करोनाच्या दिवसांत रुग्णालये जनरेटरवर गेली, विद्यापीठाच्या ऑनलाइन परीक्षा पुढे ढकलल्या गेल्या. बेस्टने टाटाकडे बोट दाखवले, टाटाने महापारेषणच्या वाहिन्यांकडे. बाहेर ग्रीड कोसळले तरी मुंबईला अलग करून तिचे दिवे तेवत ठेवणारी जी 'आयलंडिंग' व्यवस्था आपण वर्षानुवर्षे अभिमानाने सांगत होतो, तीही त्या दिवशी कामी आली नाही.

साडेचार महिन्यांनी या बिघाडाला वेगळाच रंग चढला. 'रेकॉर्डेड फ्यूचर' या अमेरिकी कंपनीने चीनशी संबंधित 'रेडइको' गटाने भारताच्या वीजयंत्रणेत घुसखोरी केल्याचे म्हटले. देशातल्या पाचपैकी चार प्रादेशिक भारप्रेषण केंद्रांची नावे त्यात होती. गलवानच्या चकमकीला तेव्हा वर्षही झाले नव्हते. मुंबईचा अंधार याच घुसखोरीमुळे झाला, असे मात्र कंपनीने छातीठोकपणे म्हटले नव्हते. तेवढा संयम आपल्याकडे राहिला नाही. १ मार्च २०२१ रोजी राज्याचे तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी महाराष्ट्र सायबर या राज्याच्याच यंत्रणेच्या अहवालाचा हवाला देत १४ ट्रोजन हॉर्स आणि ८ जीबी बेहिशेबी डेटाचा संशय सांगितला. तेव्हाचे केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह म्हणाले, ही मानवी चूक, सायबर हल्ल्याचा पुरावा नाही. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने १९ नोव्हेंबर २०२० रोजी 'शॅडोपॅड' या घातक प्रणालीचा इशारा ईमेलने दिला होता, हे मात्र केंद्राच्याच ऊर्जा मंत्रालयाने मान्य केले. मुंबईत तेव्हा आघाडीचे सरकार, दिल्लीत भाजपचे. अंधार एक आणि उत्तरे दोन. ती दोन उत्तरे आजही एकमेकांकडे पाठ करून उभी आहेत.

सायबर सुरक्षेतल्या आंतरराष्ट्रीय सहकार्याची गोष्ट आम्हाला इथूनच सुरू करावीशी वाटते. परिषदा, करारनामे, हस्तांदोलनाची छायाचित्रे नंतर. शेजाऱ्याला "तुमचेही गेलेत का?" विचारायचे, तर आपले गेलेत हे आधी कबूल करावे लागते.

ही कबुली किती कामाची असते, ते उरणच्या ट्रकचालकांना विचारावे. २७ जून २०१७ रोजी न्हावाशेव्याच्या जेएनपीटीतल्या एका टर्मिनलचे संगणक बंद पडले. हे टर्मिनल मर्स्क समूहाच्या कंपनीकडे. कंटेनर कोणता, कोणाचा, कुठे ठेवलाय हे सांगणारा पडदाच काळा झाला. बंदराबाहेर गाड्या खोळंबल्या, कागद-पेन्सिलीने काम रेटावे लागले. हल्ला आपल्यावर नव्हताच. युक्रेनमध्ये कर भरण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून सोडलेला 'नॉटपेट्या' तिथून निघाला आणि कोणाचेही वैर नसलेल्या आमच्या किनाऱ्यावर येऊन आदळला. भांडण कीव्हचे, भुर्दंड न्हावाशेव्याला.

पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये अमेरिका, ब्रिटन, डेन्मार्क अशा देशांनी रशियाचे नाव उघडपणे घेतले. १९ ऑक्टोबर २०२० रोजी, म्हणजे मुंबई अंधारल्यावर बरोबर आठवड्याने, अमेरिकेने रशियाच्या लष्करी गुप्तचर यंत्रणेतल्या सहा अधिकाऱ्यांवर आरोपपत्र ठेवले. 'नॉटपेट्या' त्यात होताच, २०१५ मध्ये युक्रेनच्या वीजपुरवठ्यावर झालेला हल्लाही होता. तपासाला मदत केल्याबद्दल युक्रेन, जॉर्जिया, दक्षिण कोरिया, न्यूझीलंड आणि ब्रिटन यांचे आभार मानले गेले. ते सहाजण तुरुंगात गेले नाहीत, हे खरे. पण कोणत्या दारातून शिरले, हे वीजवाल्यांना आणि बंदरवाल्यांना कळू शकले.

भारताची बाजू पोकळ आहे असे नाही. सायबर गुन्ह्यांविषयीच्या २००१च्या बुडापेस्ट कराराच्या मसुद्याला आपल्याला बसवलेच नव्हते, मग सही का करायची, हा आक्षेप रास्त आहे. आपला डेटा परक्या तपास यंत्रणांच्या हाती सहज पडावा का, हा प्रश्नही गैर नाही. सर्ट-इनने २०२२ मध्ये घटना सहा तासांत कळवण्याचे बंधन घातले, तेही योग्यच. क्वाडच्या बैठकीत आपण सायबर सुरक्षेवर बोलतो. पण त्या टेबलावर ठेवायला आपल्याकडे काय आहे? एकमेकांना खोटे पाडणारी दोन निवेदने?

पहलगामच्या दहशतवादी हल्ल्यानंतर, मे २०२५ मध्ये, महाराष्ट्र सायबरने १५ लाखांहून अधिक सायबर हल्ल्यांचा आकडा दिला. त्यातले १५० यशस्वी, असे सांगितले. बदलापूरच्या नगरपरिषदेचे संकेतस्थळ विद्रूप झाल्याचेही सांगितले. विमानतळाचा डेटा चोरल्याचा हल्लेखोरांचा दावा मात्र फेटाळला. १५ लाखांचा आकडा बातमीत शोभतो. आम्हाला हवी आहे त्या १५०ची हकिगत. कुठे शिरले, कसे शिरले, किती दिवस लपून होते? आणि ती देताना राज्य आणि केंद्र यांनी एकाच कागदावर सही करावी. २०२०च्या त्या सोमवारचा कागदही, उशिरा का होईना, त्यासोबत जोडावा.

बेस्टने आता शहरात स्मार्ट मीटर बसवायला घेतले आहेत. जिन्याखालच्या पेटीतला मीटर दूरच्या संगणकाशी बोलणार, वीज तिथूनच बंद-चालू करता येणार. उद्या लाइट गेले तर वाडीकर सवयीने ओटीवर येतील, समोर विचारतील. समोरचे चालू असतील. मग पेटी उघडतील, फ्यूज बघतील. फ्यूज शाबूत असेल.