कुत्र्याची जात विचारता, मग करारनाम्याचं का विचारत नाही?

हिंगोलीत किरायाने घर बघायला जा. मालक आधी आडनाव विचारतो. आडनावावरून अंदाज आला नाही तर गाव विचारतो. तरी जमलं नाही तर तुमचे पाहुणे कोण, कुठले, इथपर्यंत जातो. थेट जात विचारायला जीभ अडखळते, म्हणून हा सगळा फेरा. पण सोबत कुत्रा असला की अडखळणं संपतं. "जात कोणती हो त्याची?" असं सरळ तोंडावर विचारलं जातं.

आपल्या भाषेत दोन्हीला शब्द एकच आहे, जात. आणि घर नाकारायची पद्धतही एकच आहे. समोरचा कसा वागतो ते बघायचंच नाही, कोणत्या जातीचा आहे तेवढं ऐकून दार लावायचं.

हे आज लिहायचं कारण सांगतो. बदलीवर आपल्या शहरात आलेल्या एक ताई आहेत, आरोग्य खात्यात नोकरीला. त्यांच्याकडे सहा वर्षांची रॉटवायलर कुत्री आहे. नसबंदी झालेली, दरवर्षी रेबीजची लस दिलेली, सगळ्या नोंदी एका फाईलमध्ये नीट लावलेल्या. त्यांनी महिनाभरात रिसाला बाजारापासून अकोला रोडपर्यंत नऊ घरं पाहिली. नऊपैकी एकाही मालकाने ती फाईल उघडून बघितली नाही. एकाने ॲडव्हान्स घेतला आणि शेजाऱ्यांनी कुरकुर केल्यावर दुसऱ्या दिवशी परत दिला. एक जण म्हणाले, "आम्हाला कुत्र्याचं वावडं नाही ताई, आमच्याकडंच दोन हायेत. पण तुमचं ते पेपरात येतं तसलं हाय." तिसऱ्याने मोबाईल काढून मेसेजच दाखवला: केंद्र सरकारने बंदी घातलीय, घरात ठेवणं गुन्हा आहे.

शेवटी ताई एका खोलीत राहायल्यात आणि कुत्री सेनगाव तालुक्यात भावाच्या आखाड्यावर साखळीला बांधलीय. सहा वर्षं माणसांत, घरात वाढलेलं जनावर. ताई दर रविवारी जाऊन येतात. पहिले आठ दिवस तिने नीट खाल्लं नाही म्हणे.

आता त्या मोबाईलवरच्या मेसेजचं बघू. तो आजही आपल्या ग्रुपांवर फिरतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

12 मार्च 2024 रोजी केंद्राच्या पशुसंवर्धन व दुग्धव्यवसाय विभागाने राज्यांना एक परिपत्रक पाठवलं. त्यात 23 जातींची यादी होती. पिटबुल, रॉटवायलर, अमेरिकन बुलडॉग, डोगो अर्जेंटिनो, केन कोर्सो वगैरे. या जातींची आयात, पैदास आणि विक्री बंद करा, नवीन कुत्रे पाळायला परवाने देऊ नका, आणि आधीच पाळलेले असतील त्यांची नसबंदी करा, असं त्यात होतं. म्हणजे घरात असलेला कुत्रा बाहेर काढा असं त्या परिपत्रकातही नव्हतं. ताईंच्या कुत्रीची नसबंदी तर झालेलीच आहे.

यादी किती घाईत केली ते बघा. तोसा नावाची जपानी जात तिच्यात दोनदा आली, वेगवेगळ्या नावांनी. 'टेरियर' असा अख्खा गटच टाकून दिला, ज्यात पिशवीत बसतील एवढाली कुत्रीसुद्धा येतात. जर्मन शेफर्ड आणि डॉबरमन मात्र यादीत नाहीत. आणि आपल्याकडे तर कोणतंही आडव्या अंगाचं कुत्रं दिसलं की ते 'पिटबुल' असतं.

या परिपत्रकाला कर्नाटक उच्च न्यायालयाने आधी स्थगिती दिली आणि 10 एप्रिल 2024 ला ते रद्द केलं. सहा दिवसांनी, 16 एप्रिलला, दिल्ली उच्च न्यायालयानेही रद्द केलं. कारण साधं होतं. ज्यांच्यावर परिणाम होणार त्यांचं म्हणणं न ऐकताच ते काढलं होतं. नवा निर्णय घ्यायचा तर आधी हरकती मागवा, असं सांगितलं गेलं. परिपत्रकाचं आयुष्य जेमतेम महिनाभराचं. व्हॉट्सॲपवर मात्र ते अजून जिवंत आहे, आणि आपल्या शहरात घर कुणाला द्यायचं ते ठरवतंय.

आता काही मित्र म्हणतील, "साहेब, तुम्हाला कुत्र्याचा पुळका आलाय. लेकरांचा जीव गेल्यावर बोला." भीती खोटी आहे असं मी म्हणत नाही. जुलै 2022 मध्ये लखनौत पाळलेल्या पिटबुलने घरातल्याच वृद्ध महिलेचा जीव घेतला. मे 2024 मध्ये चेन्नईच्या एका बागेत दोन रॉटवायलरनी पाच वर्षांच्या मुलीला फाडलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गोव्यात हणजूणला पिटबुलच्या हल्ल्यात सात वर्षांचा मुलगा गेला. या बातम्या वाचून ज्या आईबापाच्या पोटात गोळा येत नाही, तो आईबाप नाही. या जातींची ताकद मोठी, जबडा मोठा. चुकलं तर गावठी कुत्र्याच्या चाव्यापेक्षा नुकसान जास्त होतं, हे मान्यच करायला पाहिजे.

पण मग विचारायचे प्रश्न वेगळे निघतात ना! कुत्रा बाहेर नेताना पट्टा असतो का? तोंडाला जाळी लावता का? याआधी कुणाला चावलाय का? लस कधी दिली? तुम्ही ड्युटीवर गेल्यावर तो कुठं असतो? गेटला कडी आहे का? या ताईंना नऊ घरांत यातला एकही प्रश्न कुणी विचारला नाही. आणि त्याच गल्लीत एखाद्याचं बिनलसीचं कुत्रं दिवसभर मोकळं फिरतं, शाळेतून येणाऱ्या लेकरांच्या मागं लागतं. त्याला कुणी हटकत नाही, कारण ते 'आपलं' आहे.

"माझं घर, माझी मर्जी." हे वाक्य मला कमेंटमध्ये येणारच, म्हणून आधीच उत्तर देतो. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की सोसायटी किंवा रहिवासी संघटनेला पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही, बहुमताने ठराव केला तरी नाही. पण त्या सूचना सोसायट्यांसाठी आहेत. स्वतःचं घर किरायाने देताना 'प्राणी चालणार नाही' अशी अट मालक टाकू शकतो. तो त्याचा हक्क आहे, मी नाकारत नाही.

फक्त एक सांगा मालक लोकहो. ती अट टाकता कुठं? करारनाम्यात ना? मग दाखवा करारनामा.

खरी गोम इथं आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999, कलम 55. घर किरायाने द्यायचं तर करार लेखी पाहिजे आणि नोंदणीकृत पाहिजे. नोंदणी करायची जबाबदारी मालकावर. नाही केली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि वाद झाला तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. "अकरा महिन्यांचा करार असला की नोंदणी लागत नाही" ही आपल्याकडची लाडकी समजूत. आपल्या राज्यात ती चालत नाही. पाचशेच्या बाँडवर नोटरीचा शिक्का मारला म्हणजे नोंदणी झाली, असंही नाही. शहरात नोंदणी फी एक हजार रुपये आहे आणि काम ऑनलाइन होतं.

आपल्या ओळखीच्या किती घरांत असा करार आहे? प्रामाणिकपणे मोजा. आपल्याकडे किराया तोंडी, डिपॉझिट तोंडी, आणि "उद्या खोली खाली करा" हेही तोंडीच. म्हणून आज कुत्र्यावरून बाहेर काढलेला माणूस उद्या मटणाच्या वासावरून, परवा रात्री उशिरा येण्यावरून बाहेर निघतो. कुत्रा पाळत नाही म्हणून हा विषय आपला नाही, असं समजणाऱ्या प्रत्येक किरायदाराने हे लक्षात ठेवावं. शिक्षक, बँकेतले, महावितरणचे, एमआयडीसीतले, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी पोरं, सगळे याच तोंडी कारभारावर जगायलेत.

आणि लेखी करारात मालकाचाच फायदा जास्त आहे. लिहून घ्या ना: लसीचं प्रमाणपत्र दरवर्षी दाखवायचं, बाहेर नेताना पट्टा आणि जाळी, घाण स्वतः उचलायची, दाराखिडकीचं नुकसान डिपॉझिटमधून, कुणाला चावलं तर सगळी जबाबदारी पाळणाऱ्याची, आणि अट मोडली तर महिन्याच्या नोटिशीवर घर खाली. कुत्र्याच्या जातीपेक्षा असा कागद तुमचं रक्षण जास्त करेल.

आता दुसऱ्या बाजूलाही बोललं पाहिजे, नाहीतर म्हणाल एकतर्फी लिहिलं. आपल्या जिल्ह्यात फार्महाऊसच्या गेटवर रॉटवायलर बांधायची नवी फॅशन आलीय. बुलेट, काळा चष्मा आणि साखळीतलं कुत्रं, असं रील बनवायचं. पिल्लू असताना कौतुक. दोन वर्षांनी ते पंचेचाळीस किलोचं होतं, आवरत नाही, मग दिवसरात्र साखळी. साखळीला बांधून, काठीने डिवचून वाढवलेलं कुत्रं चावणारच. त्याला ज्याने तसं केलं त्याच्यावर भारतीय न्याय संहितेचं कलम 291 आहे: पाळलेल्या जनावरापासून माणसाला धोका होऊ नये म्हणून काळजी घेतली नाही तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. अशा माणसाला घर नाकारा, मी टाळी वाजवीन. अशा लोकांमुळे ताईंसारख्यांची दारं बंद होतात.

आणि घर मिळालं नाही की काय होतं? सगळ्यांचे भाऊ सेनगावला नसतात. रात्री गाडीत घालून दहा-पंधरा किलोमीटरवर सोडून येतात. 1960 च्या प्राण्यांच्या छळाच्या कायद्यात जनावर असं उपाशी मरायला सोडणं गुन्हा आहे, पण पहिल्या गुन्ह्याला दंड किती? दहा ते पन्नास रुपये! एवढ्यात आता दोन चहा येतात. ज्या कुत्र्याची भीती वाटते म्हणून घर नाकारलं, तेच कुत्रं भुकेलं, मालकाविना, कुणाच्या तरी शेतरस्त्यावर मोकळं. यात कुणाचं लेकरू सुरक्षित झालं?

म्हणून मागणी सरळ आहे. नगर परिषदेने पाळीव कुत्र्यांची नोंदणी सुरू करावी, जिल्ह्यातल्या पाचही तालुक्यांच्या ठिकाणी. कुत्र्याला बिल्ला, लसीची तारीख, मालकाचं नाव आणि पत्ता. पशुसंवर्धन विभागाने लसीकरणाचं शिबिर वॉर्डावॉर्डात घ्यावं. आणि नोंदणीकृत भाडेकरारासाठी एक जागृती मोहीम निघावी. इमारतीला फ्लेक्स लावायला पैसा असतो, याला का नसावा?

ज्या जिल्ह्यात नरसी आहे, त्या जिल्ह्याला कुत्र्याबद्दल मी वेगळं काय सांगावं! भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांची गोष्ट आपण लेकरांना सांगतो. त्यांनी कुत्र्याची जात विचारल्याचं कोणत्याही कीर्तनात ऐकलं नाही. तूप घेऊन धावा असं मी म्हणत नाही. निदान फाईल तरी उघडून बघा.

ज्यांच्याकडे तळमजल्यावरची, स्वतंत्र गेटची दोन खोल्यांची जागा आहे आणि जे लेखी, नोंदणीकृत करार करायला तयार आहेत, त्यांनी इनबॉक्समध्ये मेसेज करा. नंबर ताईंपर्यंत पोहोचवतो. ज्यांना माझं पटलं नाही त्यांनी कमेंटमध्ये जरूर भांडावं, फक्त त्याआधी स्वतःच्या घराचा किंवा खोलीचा करारनामा कुठे ठेवलाय तेवढं शोधून या.

#हिंगोली #किरायाचंघर #करारनामा